खेळातली आगगाडी आणि तिचे मासिक

‘छंद’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. कवितेतील मात्रा व गण यांच्या मापाला छंद म्हणतात, आणि फावल्या वेळी मनापासून जोपासलेल्या नादालाही छंदच म्हणतात. वरवर पाहता या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु ज्या छंदाविषयी आज लिहावयाचे योजिले आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कारण तो छंद सर्वस्वी मापावर उभा आहे. खऱ्या आगगाडीची प्रमाणशीर लहान प्रतिकृती करावयाची, तिच्यासाठी रूळ, सांधे, सिग्नल, पूल व स्थानके उभारावयाची आणि वेळापत्रकाबरहुकूम ती चालवावयाची, असा हा छंद आहे. युरोप-अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे तो मोठ्या निष्ठेने जोपासला जात आहे. या छंदाला वाहिलेली मासिके निघाली, भरभराटीस आली, काही बंद पडली, काही बंद पडता पडता वाचली. त्या मासिकांच्या चढउतारांची हकीकत छंदाइतकीच मनोरंजक आहे, आणि धार-देवासकडील आपल्यासारख्या मराठी वाचकांना तर ती विशेष विचार करावयास लावणारी आहे.

ग्वाल्हेरची चांदीची गाडी

ही गोष्ट परदेशची असली तरी तिचा एक धागा आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरात सापडतो. महाराजा माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना आगगाडीचे विलक्षण वेड होते. त्यांच्या संस्थानात दोन फुटी रुळांची जी रेल्वे होती, तिच्यावरून १८९९ सालापासून प्रवासी जाऊ लागले आणि तिचा ग्वाल्हेर ते श्योपूर हा सुमारे २०० किलोमीटरांचा फाटा २०२० सालापर्यंत चालू होता. परंतु त्याहून गमतीची गाडी जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर होती. ती चांदीची. तिच्या सात डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर असून ती मिळून ‘सिंदिया’ हे नाव तयार होई. जेवण आटोपल्यावर ही गाडी पाहुण्यांसमोरून पेये व चिरूट घेऊन फिरे. कोणी डब्यातील सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे व सुरई जागेवर ठेवली की पुढे निघे.

ही गाडी इंग्लंडातील नॉर्थम्प्टन गावच्या बॅसेट-लोक या कारखान्याने बनविली होती. आता येथेच आपल्या विषयाचा प्रारंभ होतो. बॅसेट-लोक यांना लवकरच कळून चुकले की, चांदीची गाडी मागविणारे महाराजे जगात फार थोडे; आपला धंदा चालावयाचा असेल तर तो शाळामास्तर, कारकून, रेल्वेतील नोकर अशा सामान्य लोकांवरच. परंतु असे लोक गावोगावी विखुरलेले. एका गावात एक, दुसऱ्या गावात दोन. त्यांच्यापर्यंत पोचावे कसे? त्यांना इंजिनाची रचना शिकवावी कशी? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मासिक होय. यंत्रांच्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठी पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढलेले होतेच. १९०९ साली बॅसेट-लोक यांचे सहकारी हेन्री ग्रीनली यांच्या संपादकत्वाखाली खास लहान आगगाड्यांसाठी एक मासिक निघाले, आणि १९२५ साली ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ हे मासिक सुरू झाले. वस्तू विकण्यासाठी मासिक काढावे लागले आणि मासिकामुळे वस्तू बनविणारे हात तयार झाले.

माप म्हणजे काय?

पुढे जाण्यापूर्वी थोडे गणित करू. या छंदात आज सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. म्हणजे खरी वस्तू ८७ मीटर लांब असेल तर प्रतिकृती १ मीटर. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेला आपल्या ओळखीचा जुन्या पद्धतीचा डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. त्याला ८७ ने भागले म्हणजे सुमारे २४.५ सेंटिमीटर येतात. आपल्या ३० सेंटिमीटरांच्या पट्टीहून साडेपाच सेंटिमीटर कमी. इंदूर ते देवास हे लोहमार्गाचे अंतर ४० किलोमीटर धरले, तर या प्रमाणात ते सुमारे ४६० मीटर भरेल. एवढी जागा कोणाच्याच घरी नसते. म्हणून प्रतिकृती करणाऱ्याला काय ठेवावे व काय गाळावे याचा विवेक करावाच लागतो.

आता रुळांकडे पाहा. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले की १६.५ मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणारे तयार लहान रूळ याच मापाचे असतात. परंतु आपल्याकडील रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्याची प्रतिकृती सुमारे १९.३ मिलिमीटर रुंद व्हावयास हवी. म्हणजे भारतीय गाडी हुबेहूब करणाऱ्याने तयार रूळ विकत घेतले तर ते २.८ मिलिमीटरांनी अरुंद पडणार! ज्या मीटरमापी मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्या खांडवा-इंदूर मार्गाची प्रतिकृती करू गेल्यास ११.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ लागतील. अशा अडचणींवर दुसऱ्या कोणी काय तोड काढली हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याला पूर्वी मासिकावाचून दुसरा गुरू नव्हता.

मंदीत जन्मलेली दोन मासिके

अमेरिकेत या छंदाच्या दोन प्रमुख मासिकांचा जन्म झाला तो एका विचित्र काळी. १९२९ साली तेथील शेअरबाजार कोसळला. कारखाने बंद पडले, लक्षावधी लोक बेकार झाले. अशा काळात छंदाचे मासिक काढणे म्हणजे दुष्काळात फुलबाग लावण्यासारखेच कोणालाही वाटले असते. तथापि मार्च १९३३ मध्ये ‘द मॉडेल क्राफ्ट्समन’ हे मासिक शिकागोहून निघाले आणि जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकी शहरी अल्बर्ट काल्मबाक यांनी ‘मॉडेल रेलरोडर’ सुरू केले. दोन्ही टिकली. मला वाटते, याचे कारण असे की, ज्याच्याजवळ पैसा थोडा व वेळ पुष्कळ, त्याला विकत घेण्यापेक्षा स्वतः करणे परवडते. आणि ‘कसे करावे’ हे सांगणाऱ्या चार पानांचे मोल अशा वेळी वाढते.

या दोहोंत एक महत्त्वाचा फरक होता. ‘मॉडेल रेलरोडर’ पहिल्या दिवसापासून केवळ आगगाडीचे होते. ‘मॉडेल क्राफ्ट्समन’ मात्र जहाजे, विमाने, मोटारी अशा सर्वच प्रतिकृतींविषयी लिहीत असे. हळूहळू त्यातील आगगाडीची पाने वाढत गेली, इतर विषय मागे पडले, आणि १९४९ साली त्याने ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’ असे नवे नाव धारण केले. नाव बदलले ते वाचकांचा कल ओळखून. पुढे हॅरॉल्ड कार्स्टेन्स हे त्याचे संपादक व प्रकाशक झाले आणि २००९ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे नाव त्या मासिकाशी जोडलेले राहिले.

आपल्या मराठीत याच्या नेमकी उलट वाटचाल केलेले एक मासिक आहे. देवासच्या विद्यार्थ्यांना किर्लोस्कर हे नाव तेथील पंपांच्या कारखान्यामुळे परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथून १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नांगर व यंत्रे यांच्या कारखान्याचे ते वार्तापत्र. परंतु संपादकाची दृष्टी कारखान्याच्या कुंपणात मावणारी नव्हती. अल्पावधीतच ते सर्व मराठी घरांचे मासिक झाले, ‘खबर’ हा शब्द गळून केवळ ‘किर्लोस्कर’ उरले, आणि १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्मास आली. एक मासिक अनेक विषयांतून एका विषयाकडे गेले. दुसरे एका कारखान्यातून अनेक विषयांकडे गेले. दोघांनीही आपला वाचक कोण हे वेळीच ओळखले.

भरभराटीची कारणे

या छंदमासिकांच्या भरभराटीची कारणे शोधू गेल्यास मुख्यतः तीन दिसतात.

पहिले कारण बाजार. एखादा कारागीर आपल्या घरच्या कार्यशाळेत लहान चाके ओतीत असे. त्याच्या गावात ती घेणारे दोघेच. परंतु देशभर मिळून दोन हजार. मासिकातील छोट्या जाहिरातीने हे दोन हजार लोक त्याच्या दाराशी आणले. वर्गणी आणि जाहिरात या दोन रुळांवर मासिकाची गाडी चालू लागली.

दुसरे कारण मापांची एकवाक्यता. आरंभी प्रत्येक उत्पादकाची चाके निराळी, डबे जोडण्याचे आकडे निराळे. एकाचा डबा दुसऱ्याच्या इंजिनाला जोडता येत नसे. म्हणून १९३५ साली मिलवॉकी येथे छंदी लोकांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि चाके, रूळ यांची समान मापे ठरविण्याचे काम हाती घेतले. कोणतीही सक्ती नसताना उत्पादकांनी ती मापे हळूहळू स्वीकारली, कारण वाचक तीच मागू लागले. त्या मागणीला आवाज मिळाला तो मासिकांतून.

तिसरे कारण सर्वांत मोलाचे. या मासिकांचे लेखक बहुधा त्यांचे वाचकच असत. ज्याने पूल बांधला त्यानेच त्याचे आराखडे काढून, मापे देऊन, कोठे चूक झाली हेही सांगून लेख लिहावा, अशी तेथे रीत पडली. कॅलिफोर्नियातील माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार राहत. त्यांनी आपल्या घराच्या तळघरात डोंगर, दऱ्या, पूल व बोगदे यांनी युक्त अशी लहान आगगाडीची एक अद्भुत सृष्टी वर्षानुवर्षे राबून उभारली. तिची छायाचित्रे व वर्णने मासिकांतून येत आणि देशोदेशींचे लोक ती पाहून शिकत. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन यांचे निधन झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आग लागून त्यांची ती सृष्टी जळून गेली. ज्या हातांनी ती घडविली ते गेले, ती वस्तूही गेली. राहिले ते मासिकाच्या पानांवर जे उमटले होते तेवढेच. मात्र त्या पानांवरून शिकून इतरांनी आपापले डोंगर उभे केले. लिहून ठेवण्याचे मोल काय, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

उतरती कळा

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेट घरोघरी पोचू लागले आणि वर सांगितलेल्या आधारांना एकामागून एक धक्के बसले. चाके विकणाऱ्याला जाहिरातीवाचून गिऱ्हाईक मिळू लागले. ज्या शंकेच्या उत्तरासाठी पुढील अंकाची महिनाभर वाट पाहावी लागे, तिचे उत्तर घटकाभरात मिळू लागले. त्यातच हुबेहूब तयार गाड्या विकत मिळू लागल्याने ‘करणारे’ कमी व ‘घेणारे’ अधिक झाले. कागद आणि टपाल यांचा खर्च तर चढताच राहिला.

ऑगस्ट २०१४ मध्ये कार्स्टेन्स यांच्या प्रकाशनसंस्थेने आपले काम बंद करीत असल्याचे जाहीर केले. ८१ वर्षांचे ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’ आता संपले असेच सर्वांस वाटले. परंतु थोड्याच दिवसांत मिसूरी राज्यातील व्हाइट रिव्हर प्रॉडक्शन्स या आगगाडीविषयक प्रकाशने काढणाऱ्या संस्थेने ते आपल्याकडे घेतले व अंक पुन्हा निघू लागले. ‘मॉडेल रेलरोडर’च्या वाट्यालाही बदल आला. ज्या काल्मबाक संस्थेने १९३४ पासून ते चालविले, तिने नव्वद वर्षांनी, २०२४ साली, ते फायरक्राउन मीडिया या दुसऱ्या संस्थेस विकून टाकले.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. तोट्यात बुडालेली संस्था बंद पडली, तर तिचे मासिक दुसऱ्याने का घ्यावे? यंत्रे, कचेरी, जुने अंक यांसाठी कोणी मासिक घेत नाही. ते घेतले जाते ते त्याच्या वाचकांसाठी. वाचक संख्येने थोडे झाले होते. परंतु जे होते ते निष्ठावंत होते आणि त्यांतील अनेकजण हाताने काही करणारे व ते लिहून पाठविणारे होते. मालक बदलला, गाव बदलले, पण वाचकाने आपले स्थानक सोडले नाही. म्हणून गाडी पुन्हा तेथे थांबली.

आपल्याकडे काय?

हा छंद भारतात अगदीच अनोळखी नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमांनी उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. सिग्नल, सांधे, पूल, दिवे यांसह तेथे गाड्या धावताना पाहून मुलेच काय, मोठी माणसेही हरखून जातात. सहलीस पुण्यास जाल तेव्हा ते अवश्य पाहा. मात्र पाहून आनंद होतो. करावयास शिकणे हे निराळे. त्यासाठी कोणीतरी मापांसह, पायरीपायरीने, आपल्या भाषेत लिहिलेले हवे.

धारच्या मुलांना तर आगगाडीचे अप्रूप अधिकच. कित्येक पिढ्या धारकरांना गाडी पकडावयाची तर महू, इंदूर किंवा रतलाम गाठावे लागले. इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ साली झाली, तेव्हापासून धारमधील प्रत्येक घरात त्या गाडीची चर्चा आहे. खरी गाडी केव्हा यावी हे आपल्या हाती नाही. परंतु पुठ्ठा, काड्यापेटीच्या काड्या, डिंक आणि एक अचूक पट्टी एवढ्या सामग्रीवर १:८७ प्रमाणातील धारचे स्थानक आजही उभे करता येईल.

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहिला, ते सांगतो. पवारांच्या या दोन्ही गावांत मराठी घरे आहेत; परंतु बाजारात हिंदी, शेजारी माळवी आणि परीक्षेत इंग्रजी. मराठी वाचणारे थोडे व विखुरलेले, एखाद्या छंदी मंडळीसारखेच. माझी मायबोली कोकणी. तिचे भाषक थोडे, आणि ते थोडेही देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांत वाटले गेलेले. एका लिपीत छापलेले मासिक दुसऱ्या लिपीच्या वाचकाला वाचता येत नाही, जसा एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चढत नाही. त्यामुळे थोड्या वाचकांच्या मासिकाला किती कष्ट पडतात हे मी घरीच पाहिले आहे. म्हणून परक्या देशातील एका छंदाच्या मासिकाची कहाणी मला परकी वाटत नाही. थोड्या वाचकांचे मासिक जगते, पण केवळ वाचणाऱ्यांवर जगत नाही. त्यात लिहिणाऱ्या वाचकांवर जगते.

आपल्या शाळेचे हे वार्षिकही असेच थोड्या वाचकांचे आहे. त्यात दरवर्षी कविता व निबंध येतात, ते उत्तमच. परंतु ज्याने सायकलचे चाक स्वतः सरळ केले, जिने आजीकडून गोधडीचा टाका शिकून घेतला, ज्याने भोजशाळेचा किंवा देवासच्या टेकडीचा नकाशा पावलांनी मोजून काढला, त्यांनी ते मापांसह व चुकांसह मराठीत लिहून दिले तर पुढील अंकाचे मोल किती वाढेल! तुमचा पुठ्ठ्याचा पूल पावसाळ्यात भिजून मोडेल. पण या पानांवर लिहिलेला पूल दहा वर्षांनी दुसरा कोणी विद्यार्थी पुन्हा बांधील.

स्वाध्याय

१. तुमच्या वर्गाची लांबी-रुंदी मोजा. १:८७ प्रमाणात तो वर्ग किती सेंटिमीटरांचा होईल?

२. १:१६० हेही एक प्रचलित प्रमाण आहे. त्या प्रमाणात रुंदमापी रुळांची रुंदी किती येईल?

३. ‘द मॉडेल क्राफ्ट्समन’ व ‘किर्लोस्कर खबर’ या दोन मासिकांच्या वाटचालीची तुलना दहा ओळींत करा.

४. घरात किंवा शेजारी कोणी मराठी मासिकाचे जुने अंक जपून ठेवले असल्यास त्यांतील एखादी ‘कसे करावे’ अशी कृती शोधा, ती करून पाहा, आणि कोठे अडले ते लिहून आणा.